चार्जिंगच्या सायकली जेमतेम साठ, तरी बॅटरी गेली कशी?

लॅपटॉप कायम चार्जरला लावलेला, बॅटरी जवळजवळ वापरलीच नाही, मग बॅकअप निम्म्यावर कसा आला? हिंजवडीच्या कंपन्यांचं काम घरून करणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. त्यावर कुणीतरी हमखास सांगतं, ‘ओव्हरचार्ज झाली.’ अजिबात नाही. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग तोडतं.

वापरून होणारी झीज सर्वांना ठाऊक आहे. आज ५० टक्के खर्च केले, उद्या ५०, की झाली एक सायकल. अशा काहीशे सायकलींनंतर क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येते. एवढं पुरे.

घोळ होतो तो दुसऱ्या झिजेत. ही नुसती पडून राहिलेल्या बॅटरीतही चालू असते. लॅपटॉपच्या बॅटरीतल्या लिथियम-आयन सेलमध्ये ग्रॅफाइटवर (सेलच्या ऋण टोकावर) इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे आतल्या द्रवाच्या, विघटनातून एक पातळ थर बसतो. तो लागतोच, कारण पुढचं विघटन तोच रोखतो. पण पूर्ण नाही. थर हळूहळू जाड होतो, त्यात लिथियम अडकतं, आणि अडकलेलं लिथियम पुन्हा चार्ज साठवायच्या कामाला येत नाही. या झिजेचा वेग मुख्यतः व्होल्टेज आणि उष्णता ठरवतात. निम्मी भरलेली सेल ३.७ व्होल्टच्या आसपास असते, पूर्ण भरलेली ४.२ किंवा त्याहून वर. म्हणजे महिनोन् महिने १०० टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी कायम ताणाखाली असते. वर पुण्यातला एप्रिल-मे, पारा चाळिशीला, आणि लॅपटॉप गादीवर, खालच्या जाळ्या बंद!

कोणती झीज झाली ते विंडोजमध्ये कळतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करून अहवाल काढा. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) ५०,००० मिलिवॅट-तास, फुल चार्ज कपॅसिटी (आता मावते ती) ३८,००० आणि सायकल काउंट ६० दिसला, तर दोष वापराचा नाही, भरून ठेवण्याचा. काउंट ४५० असेल तर तक्रारीला जागा नाही. (काही मॉडेलांत काउंटच्या जागी नुसती रेघ येते.)

उपाय साधा आहे. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करा; लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल आणि सोय असेल, तर ६०. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी पूर्ण भरा. महिनाभर बंद ठेवायचा तर निम्म्यावर ठेवा.

‘महिन्यातून एकदा शून्यावर आणा’ हा सल्ला मात्र आता बंद करा. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. लिथियममध्ये त्याने फार तर टक्क्यांचा काटा दुरुस्त होतो, क्षमता एक मिलिवॅट-तासानेही परत येत नाही. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे: चार्जिंग लगेच थांबवा, दाबू नका, टोचू नका.

नवी बॅटरी घ्यायला पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत गेलात, तर ‘सीलबंद आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका. उत्पादनाची तारीख बघा. दोन-तीन वर्षं गोदामात तापलेल्या मालाचा सायकल काउंटही शून्यच असतो.