वजन शॉकअप पेलत नाही

‘माल जास्त भरायचाय? जाड शॉकअप टाका, ट्रक खाली बसणार नाही.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय, आणि ऐकायला पटतोही. पण वजन पेलतात पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. शॉकअप फक्त त्यांची उसळी जिरवतो: आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं, हिसक्याची उष्णता होते.

पडताळायचंय? पाट्यांच्या गाडीचा शॉकअप काढण्याआधी आणि काढल्यावर चासीची उंची टेपने मोजा. जवळपास तेवढीच भरेल. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपजवळ हात नेऊन बघा (जपून, चटका बसतो). एकाच एक्सलवर एक गरम, दुसरा थंडगार, तर बहुधा थंडच गेलेला. बदलताना जोडीच बदला, लांबी मूळचीच ठेवा. आखूड शॉकअप खड्ड्यात ताणला जाऊन ब्रॅकेट तोडतो.