डर्बीची व्हर्जन, सिसइन्फो आणि २००७चा निर्णय: थोडी पार्श्वभूमी

अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा मालाडच्या माइंडस्पेसमध्ये बसून जुन्या जावा सिस्टिम सांभाळणाऱ्यांना ऑडिटच्या दिवसांत एक प्रश्न हमखास येतो. सर्व्हरवर डर्बी, म्हणजे जावात लिहिलेली डेटाबेस प्रणाली, कुठल्या व्हर्जनची आहे, आणि तिच्या सगळ्या जार फाइल (तयार जावा कोडचे गठ्ठे) एकाच व्हर्जनच्या आहेत का? याच कामासाठी डर्बीबरोबर सिसइन्फो हे टूल येतं. ते प्रत्येक जारचा पाथ, तिची व्हर्जन आणि कंसात सोर्स कोडचा बदलक्रमांक छापतं. पण सिक्युरिटी मॅनेजर, म्हणजे कुठल्या कोडला काय करू द्यायचं हे तपासणारा जावाचा पहारेकरी, चालू असला आणि त्या परवानग्यांची यादी असलेली पॉलिसी फाइल अपुरी असली, की त्याच ठिकाणी 'ॲक्सेस डिनाइड' येतं.

डर्बीचा जन्म १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत झाला, क्लाउडस्केप या नावाने. दोनदा मालक बदलले, २००४ मध्ये कोड खुला झाला आणि डिसेंबर २००६ मध्ये जावा ६ सोबत 'जावा डीबी' म्हणून ती घरोघरी पोचली. खरी गुंतागुंत त्यानंतर सुरू होते.

२००७ मधल्या १०.३ या व्हर्जनमध्ये एक निर्णय झाला. कमांड लाइनवरून डर्बीचा नेटवर्क सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून डेटाबेसला जोडू देणारा भाग) सुरू केला आणि आधीपासून सिक्युरिटी मॅनेजर नसला, तर सर्व्हर स्वतःच तो बसवणार. नको असेल तर तसा पर्याय मुद्दाम द्यायचा. आधीच्या सवयीने चाललेल्या कित्येकांना हे अडचणीचं वाटलं, पण कारण पक्कं होतं. डर्बीत एसक्यूएल प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमधून नावाने चालवायचं काम, म्हणून कुठलीही पब्लिक स्टॅटिक जावा मेथड जोडता येते. म्हणजे लॉगिनची सक्ती नसलेल्या सर्व्हरला जोडलेला कोणीही 'सिस्टिम डॉट एक्झिट' ही चालू प्रोग्राम संपवणारी मेथड प्रोसीजर म्हणून जोडून अख्खा सर्व्हर बंद पाडू शकला असता. माझ्या मते हा निर्णय योग्यच होता, आणि तो आणखी आधी व्हायला हवा होता.

त्याची किंमत मात्र सिसइन्फोला मोजावी लागली. टूल व्हर्जन काढतं कशी? क्लासपाथची, म्हणजे जावा आपला कोड जिथे शोधते त्या ठिकाणांची, यादी वाचायची, त्यातली एकेक फाइल उघडायची आणि आत ठेवलेली माहितीची छोटी प्रॉपर्टीज फाइल वाचायची. क्लास (कोडचा एक तुकडा) नेमका कुठल्या जारमधून लोड झाला हे कळायला त्याचं प्रोटेक्शन डोमेन, म्हणजे तो कुठून आला याची जावाकडची नोंद, विचारावं लागतं. या प्रत्येक पायरीला वेगळी परमिशन लागते. क्लासपाथला एक, जावा जिथे बसवली आहे त्या फोल्डरच्या पत्त्याला एक, फाइल वाचायला एक, प्रोटेक्शन डोमेनला एक.

नुसती डर्बीच्या जारला परमिशन देऊनही भागत नाही. जावा तपासणी करताना कॉल करणाऱ्यांची पूर्ण साखळी बघते. साखळीत तुमच्या ॲप्लिकेशनचा कोड असेल आणि त्याला ती परमिशन नसेल, तर नकारच. त्यावर उपाय म्हणजे डर्बीने आपलं वाचन प्रिव्हिलेज्ड ब्लॉकमध्ये गुंडाळायचं, म्हणजे तपासणी ब्लॉकच्या मालकापाशी थांबते. पण मग ज्या कोडला एकही फाइल वाचायचा हक्क नाही, त्यालाही सर्व्हरवरचे फोल्डर कळतात. हल्ला करणाऱ्याला एवढी माहिती पुरते.

अडचणीचं खरं मूळ मला इथे दिसतं. व्हर्जन सांगण्यात फारसा धोका नाही, पाथ सांगण्यात आहे, आणि सिसइन्फोने दोन्ही एकाच वाटेने आणले. जेडीबीसी (जावातून डेटाबेसला जोडायची पद्धत) कनेक्शनच्या मेटाडेटातून इंजिनाची, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य भागाची, व्हर्जन यापैकी एकही परवानगी न घेता मिळते. मात्र ती फक्त इंजिनाची असते. नेटवर्क, टूल्स, क्लायंट आणि भाषांच्या जार त्यात येत नाहीत, आणि घोळ नेमका तिथेच असतो: अपग्रेड करताना एखादी जुनी जार फोल्डरमध्ये राहून जाते.

डर्बीसोबतच्या नमुना पॉलिसीत सिसइन्फोसाठी सगळ्या फाइल वाचण्याची मुभा दिलेली असते, आणि वर टीप असते की ती फक्त जार असलेल्या फोल्डरपुरती मर्यादित करता येईल. ती मर्यादा घालायलाच हवी. नमुना जशाच्या तसा प्रॉडक्शनवर चढवलेले सर्व्हर मी पाहिलेत. तिथे संरक्षण नावापुरतंच उरतं.

आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. शेलवरून, म्हणजे कमांड लाइनच्या खिडकीतून, सिसइन्फो चालवला तर तो त्या शेलच्या क्लासपाथचं उत्तर देतो, चालू सर्व्हरचं नाही. चालू सर्व्हरला विचारायचं असेल तर नेटवर्क सर्व्हर कंट्रोलची सिसइन्फो कमांड वापरावी लागते, आणि तिला सर्व्हरच्याच पॉलिसीतून जावं लागतं. ऑडिटला शेलचं उत्तर पाठवणं म्हणजे भलत्याच गोष्टीचा दाखला देणं.

पुढची वर्षं भराभर गेली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातल्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीची त्रुटी उघड झाली आणि 'कुठली जार, कुठली व्हर्जन' हा प्रश्न एका रात्रीत मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचला. ऑगस्ट २०२४ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सेबी या भांडवली बाजाराच्या नियामकाने सायबर सुरक्षेची नवी चौकट आणली, त्यात महत्त्वाच्या सिस्टिममधल्या सॉफ्टवेअर घटकांची यादी ठेवणं आलं. दरम्यान २०२१ च्या जावा १७ ने सिक्युरिटी मॅनेजर काढून टाकण्याच्या वाटेवर नेला आणि मार्च २०२५ च्या जावा २४ ने तो कायमचा बंद केला. नोव्हेंबर २०२३ च्या डर्बी १०.१७ नेही त्याचा आधार सोडला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये डर्बीचा प्रकल्पच निवृत्त झाला.

जावा ८ वर चालणारे सर्व्हर मात्र शहरात अजून आहेत, आणि त्यांच्या पॉलिसी फाइलही. त्यांच्यावरच्या डर्बीसाठी नवी दुरुस्ती आता येणार नाही, त्यामुळे तिथली व्हर्जन चालू सर्व्हरलाच विचारून घ्यावी लागते.