शेणातला मका: परिणाम वयाचा की वाणाचा?

मांसासाठी धान्यावर वाढवल्या जाणाऱ्या जनावरांच्या शेणात मक्याचे अख्खे दाणे दिसू लागले की त्याचे खापर बऱ्याचदा वाणावर फोडले जाते, आणि वशिंड असलेल्या झेबू जनावरांना धान्य पचतच नाही असे सरसकट म्हटले जाते. धान्याच्या पचनावर वय आणि वाण या दोहोंचा परिणाम होतो हे खरे. मात्र तो वेगवेगळ्या टप्प्यांवर होतो, आणि शेणातला अख्खा दाणा बहुतेक वेळा वयाचीच खूण असतो.

मक्याच्या कोरड्या वजनात सुमारे ७० टक्के स्टार्च असतो, पण दाण्याचे साल शाबूत असेपर्यंत कोठीपोटातील (पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातील) जिवाणू त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत. साल फोडण्याचे काम दातांचे. खुराकावर रुळलेले, वर्षाच्या आतले वासरू घास अधिक बारकाईने चघळते. शिवाय जाळीपोट या दुसऱ्या कप्प्यातून पडदेपोट या तिसऱ्या कप्प्याकडे जाणारी वाट त्याच्यात अरुंद असल्याने अख्खा दाणा सहज पुढे सरकत नाही आणि रवंथ करताना पुन्हा दातांखाली येतो. मोठे जनावर भराभर खाते, कमी चघळते, आणि वाट रुंद असल्याने न फुटलेला दाणा निसटून जातो. म्हणूनच अमेरिकेत वासरांना अख्खा मका देता येतो, तर मोठ्या जनावरांसाठी तो भरडतात किंवा टेक्सासमधील मोठ्या फीडलॉटप्रमाणे (जनावरे कोंडून धान्यावर वाढवण्याच्या गोठ्यांप्रमाणे) वाफवून त्याचे पोहे करतात, ज्यांतील स्टार्च जवळजवळ पूर्ण पचतो. ज्वारीचा दाणा लहान आणि कठीण. तो कोणत्याही वयाच्या जनावराला भरडूनच द्यावा.

नुसते शेण पाहून मात्र निष्कर्ष काढू नये. मूठभर ताजे शेण चाळणीवर पाण्याच्या धारेखाली धुवावे आणि वर राहिलेला प्रत्येक दाणा चिमटीत दाबून पाहावा. आतून पांढरा, पिठूळ गर निघाला तर स्टार्च खरोखर वाया गेला आहे. दाणा पोकळ निघाला तर पचन व्यवस्थित झाले असून केवळ साल उरले आहे. दुरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि तिथेच बरेच जण फसतात.

वाणाचा परिणाम दातांपेक्षा भुकेशी अधिक निगडित आहे. ब्राझीलमधील नेलोर हे झेबू वाण आंध्रच्या ओंगोल जनावरांपासून आले. अमेरिकेतील ब्राह्मन या झेबू वाणाच्या जडणघडणीत गीर, कांकरेज आणि ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठच्या कृष्णा खोरे वाणाचाही वाटा आहे. झेबू जनावरांची केवळ शरीर टिकवण्यापुरती ऊर्जेची गरज युरोपीय वाणांपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी मानली जाते, आणि निकृष्ट, कमी प्रथिनांच्या चाऱ्यावर ती सहसा अधिक चांगली तग धरतात. पण धान्याच्या खुराकावर ती अँगस किंवा हेरफर्ड या युरोपीय वाणांच्या तुलनेत कमी खातात, त्यामुळे वजन सावकाश वाढते आणि मांसात चरबीची जाळीही कमी बसते. हे सगळे ‘पचत नाही’ या एकाच शेऱ्याखाली जमा होते, आणि ते मला अन्यायाचे वाटते, कारण कमी खाणाऱ्या जनावराच्या पोटात अन्न जास्त वेळ टिकते आणि त्या दाण्याचे विघटन होण्यास उलट अधिक अवधी मिळतो.

ब्राझीलमधील नेलोर आणि अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातील अँगस यांची तुलना तर आणखी जपून करावी लागते. ब्राझीलमध्ये प्रामुख्याने काचेसारख्या कठीण गराचा मका पिकतो, अमेरिकेत तुलनेने मऊ, पिठूळ गराचा. कठीण गरातील स्टार्चभोवती प्रथिनांचे दाट आवरण असल्याने तो सावकाश पचतो. त्यातच नेलोर बैल बराच काळ कुरणावर चरून मोठ्या वयात फीडलॉटमध्ये येतात, आणि तिथे अनेक ठिकाणी त्यांना चाऱ्याविना अख्खा मका आणि गोळी पेंड दिली जाते. दोन्ही वाणांना एकाच वयात, एकाच प्रकारचा आणि सारखाच भरडलेला मका, शरीराच्या वजनाच्या सारख्याच प्रमाणात दिला, तरच उरलेला फरक वाणाच्या नावे मांडता येतो.