जन्मक्रम आणि व्यक्तिमत्त्व

भावंडांमधील स्थानाचा स्वभावाच्या जडणघडणीशी जोडला जाणारा संबंध. थोरला, मधला, धाकटा, शेंडेफळ, एकुलता हे मराठी शब्द क्रमाबरोबर अपेक्षाही सांगतात.

या कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही लेखक तो फ्रान्सिस गॉल्टन यांच्या १८७४ च्या ग्रंथापर्यंत मागे नेतात. ब्रिटिश शास्त्रज्ञांत ज्येष्ठ व एकुलते मुलगे अपेक्षेहून अधिक असल्याचे त्यात दाखविले होते. मात्र गॉल्टन यांचा विषय कर्तृत्व हा होता, स्वभाव नव्हे. शिवाय ज्येष्ठ पुत्राकडे जाणारी मालमत्ता हे तिथले कारण, भावाभावांत जमिनीची सारखी वाटणी होणाऱ्या कृष्णाकाठी लागू पडत नाही. म्हणून व्हिएन्नाचे मानसचिकित्सक आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) यांच्याकडे उगमाचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते. पाठचे भावंड आले की थोरल्याची ‘पदच्युती’ होते, हे त्यांचे प्रतिपादन. (साताऱ्याने ती शब्दशः पाहिली आहे : १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना दूर करून धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसविले.)

पुढील वाद मुख्यतः पद्धतीचा आहे. पाचवे अपत्य मोठ्या कुटुंबातच असते, पहिले कोणत्याही कुटुंबात. त्यामुळे सरसकट पहिल्यांची पाचव्यांशी तुलना केली, की प्रत्यक्षात लहान व मोठ्या कुटुंबांची, म्हणजे बऱ्याचदा सांपत्तिक स्थितीचीच तुलना होते. सेसिल अर्न्स्ट व ज्यूल्स आंग्स्ट यांनी १९८३ मध्ये या दोषावर नेमके बोट ठेवले. फ्रँक सलोवे यांनी १९९६ मध्ये विषय पुन्हा उचलला : आईबापांचे लक्ष मिळावे म्हणून प्रत्येक भावंड घरात आपली वेगळी जागा शोधते, आणि धाकटी त्यातून बंडखोर होतात, असे त्यांचे मत. २०१५ मधील दोन मोठ्या अभ्यासांनी (एकात वीस हजारांहून अधिक व्यक्ती, दुसऱ्यात सुमारे ३,७७,००० अमेरिकन विद्यार्थी) त्याला फारसा आधार दिला नाही. स्वभावावरील परिणाम जवळजवळ शून्य, बुद्धिमापनातील फरक किंचित. २००७ मधील नॉर्वेचा अभ्यास याबाबत बोलका आहे. थोरले भावंड लहानपणीच दगावल्यास दुसऱ्याचे बुद्धिमापन थोरल्यांसारखेच आढळले. म्हणजे कारण गर्भात नसून घरातल्या स्थानात असावे.

एकत्र कुटुंबात चुलत भावंडेही क्रमात धरली जातात. सख्ख्यांत थोरला असलेला मुलगा वाड्यात चौथा असू शकतो. खानापूर-आटपाडी भागातील सोने गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी एक भाऊ परमुलखात आणि दुसरा शेतीवर, अशी विभागणीही आढळते.

मुलींच्या बाबतीत क्रम नावातच उतरे. मुलाची वाट पाहत असताना झालेल्या मुलीला ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ म्हणण्याची रीत सातारा जिल्ह्यात होती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींचे पुन्हा नामकरण झाले. ऐश्वर्या, सावित्री, वैशाली ही त्यांनी घेतलेल्या नावांपैकी काही.