स्लरी जितकी खोल मुरेल तितका बोगदा पक्का? खुलासा

स्लरी टीबीएमच्या (समोरच्या मातीला दाबाखालच्या स्लरीचा आधार देत बोगदा खोदणाऱ्या यंत्राच्या) कामावर एक समज कायम ऐकू येतो: बेंटोनाइटची स्लरी (पाण्यात कालवलेली बारीक चिकणमाती) जमिनीत जितकी खोल शिरेल, तितका खोदकामाचा दर्शनी भाग (यंत्रासमोरची मातीची भिंत) भक्कम. प्रत्यक्षात बहुतेकदा उलटं घडतं.

बारीक वाळूत बेंटोनाइट तोंडाशीच अडकतं, काही मिलिमीटरचा थर धरतं आणि स्लरीचा जवळपास सगळा दाब तिथेच टेकतो. भरड खडीत मात्र स्लरी आत पळत सुटते. दाब लांबवर विखुरतो, आणि कोसळू पाहणाऱ्या मातीच्या पाचरीपलीकडे गेलेला दाब आधाराच्या कामाचा नाही.

मग स्लरी नुसती घट्ट करायची? थोडा फरक पडतो, पण पंप आणि सेपरेशन प्लांट (परत आलेल्या स्लरीतून माती-वाळू वेगळी करणारी यंत्रणा) वैतागतात. खरी मेख कणांच्या आकारात आहे. ड्रिलिंगवाल्यांचा जुना ठोकताळा असा: जमिनीतल्या छिद्राच्या एक-तृतीयांशाहून मोठे कण तोंडाशी कमान धरतात, एक-सप्तमांशाहून लहान बिनदिक्कत पार होतात, मधले आत जाऊन अडकतात. बेंटोनाइटचे कण बहुतांशी 2 मायक्रॉनच्या आतले. खडीतल्या मिलिमीटरभर पोकळ्या ते एकटे काय बुजवणार! म्हणून अशा जमिनीत स्लरीत मुद्दाम बारीक वाळू ठेवतात. प्लांटवर ती सगळी काढून ‘स्वच्छ’ स्लरी परत पाठवण्याचा हट्ट इथे अंगाशी येतो.