लेकराचं बोट जाड दिसतंय: जन्मजात वाढ की सिकलसेलची सूज?

गडचिरोली-चंद्रपूरपासून मेळघाटापर्यंत लहान लेकराचं बोट जाड दिसलं की दोन गोष्टींचा घोळ होतो. एक मॅक्रोडॅक्टिली, म्हणजे बोट जन्मतःच जास्त वाढण्याचा दोष. दुसरी डॅक्टिलायटिस, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे बोटांना येणारी सूज. पहिला दोष फार दुर्मीळ आहे, तर सिकलसेल विदर्भात गावोगावी आहे. घाई करायची ती सिकलसेलच्या सुजेत.

आधी नख बघा. मॅक्रोडॅक्टिलीत हाड, चरबी, नस, कातडी आणि नख असं सगळंच वाढलेलं असतं, म्हणून त्या बोटाचं नखही रुंद दिसतं. सुजेत बोट फुगतं, नख मात्र होतं तेवढंच राहतं. मग दोन्ही हात शेजारी ठेवा. जन्मजात वाढ बहुतेक एकाच हाताला असते, त्यातही तर्जनी आणि मधल्या बोटाला. पायात अंगठ्याशेजारचं बोट जास्त सापडतं. बोट एका बाजूला वाकू लागतं, पण दुखत नाही, गरम लागत नाही, ताप येत नाही.

सिकलसेलची सूज जन्मतः नसते. पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि ते बाळाला सांभाळतं. ते कमी झालं की साधारण सहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत हा त्रास दिसतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडाला रक्त पुरत नाही. बरेचदा दोन्ही हात-पाय फुगतात, हाताची पाठ टम्म होते, लेकरू खुळखुळा धरत नाही, पाय टेकत नाही, हात लावला की किंचाळतं. एक-दोन आठवड्यांत सूज उतरते. उतरली म्हणून विषय संपला असं धरू नका, कारण कित्येक लेकरांत सिकलसेलची हीच पहिली खूण असते. एक्स-रे सुरुवातीला साफ येऊ शकतो.

तपासणीत दोन ठिकाणी फसगत होते. सहा महिन्यांच्या आत केलेली सोल्युबिलिटी चाचणी (सिकलसेलची साधी प्राथमिक रक्तचाचणी) निगेटिव्ह आली तरी सिकलसेल नाही असं म्हणता येत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी करून घ्यावी. दुसरी गोष्ट, अहवालात ‘एएस’ आलं तर लेकरू फक्त वाहक आहे, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलाय; ‘एसएस’ म्हणजे दोघांकडून आलेला, प्रत्यक्ष आजार. वाहकाची बोटं सिकलसेलमुळे सुजत नाहीत, तेव्हा जाड बोटाचं कारण वेगळं शोधावं लागतं.

सूज असेल तर दूध-पाणी वारंवार पाजा आणि हात-पाय उबदार ठेवा. बर्फ लावू नका, थंडीने पेशी आणखी अडकतात. चोळणं, पट्टी आवळणं, डंबा देणं (तापवलेल्या लोखंडाने चटका देणं) यातलं काहीही नको. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचं अंतर. आठ किलोच्या बाळाला 120 मिलिग्रॅम. बाटलीवर 5 मिलिलीटरमागे किती औषध आहे ते आधी वाचा, कारण 120 आणि 250 अशी दोन्ही सिरपं मिळतात. ताप 101 च्या वर गेला, लेकरू पांढरंफटक पडलं किंवा डाव्या बरगडीखाली पोट फुगलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाच हाडाची सूज आणि न उतरणारा ताप असेल तर हाडात पू झाल्याची शंका घ्यावी लागते.

मॅक्रोडॅक्टिलीत धावपळ नाही, पण नोंद हवी. काही बोटं इतर बोटांच्या प्रमाणात वाढतात, काही त्यांना मागे टाकतात, आणि शस्त्रक्रिया कधी हे त्यावरच ठरतं. दर सहा महिन्यांनी दोन्ही पंजे कागदावर ठेवून पेन्सिलने आखा, तारीख टाका, दोऱ्याने बोटाचा घेर मोजा. मुलीचं बोट आईच्या, मुलाचं बापाच्या बोटाएवढं लांब झालं की हाडाची वाढ थांबवणारी शस्त्रक्रिया करतात. जादा चरबी टप्प्याटप्प्याने काढतात. एका वेळी बोटाची एकच बाजू, मध्ये काही महिने, नाहीतर बोटाचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती. पायाचं बोट चपलेत मावत नसेल तर ते काढून टाकणंच कधी कधी सोयीचं ठरतं.

आईला ग्रहणाचा दोष देणं थांबवायला हवं. बहुतेक लेकरांत गर्भातल्या वाढीत काही पेशींपुरता पीआयके3सीए या जनुकात बदल झालेला असतो. तो आईबापाकडून येत नाही. सिकलसेल मात्र दोघांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणून भावंडांचीही तपासणी करा.

जाड बोटाच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरला किंवा सेवाग्रामला जाताना सिकलसेलचा अहवाल सोबत न्या. हाताच्या शस्त्रक्रियेत दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवतात. लेकरू ‘एसएस’ असेल तर तो पट्टा आणि भूल दोन्हींचा विचार डॉक्टरांना आधीच करावा लागतो.