कलम ४३ आणि एन्डोलाचा वकील: लेव्ही म्वानावासा यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

झांबियाच्या १९९१ च्या राज्यघटनेतलं ४३ वं कलम २०१६ च्या घटनादुरुस्तीपर्यंत माजी राष्ट्राध्यक्षांना फौजदारी खटल्यांपासून संरक्षण देत होतं. पदावर असताना केलेल्या कृत्याबद्दल त्यांच्यावर खटला भरता येत नसे. अपवाद एकच. असा खटला चालवणं देशहिताच्या आड येत नाही, असा ठराव संसदेनं केला तर संरक्षण उठत असे. जुलै २००२ पर्यंत हा अपवाद कागदावरच होता. त्या महिन्यात राष्ट्राध्यक्ष लेव्ही म्वानावासा संसदेत उभे राहिले, आपले पूर्वसुरी फ्रेडरिक चिलुबा यांच्यावरचे आरोप त्यांनी सभागृहासमोर मांडले आणि १६ जुलैला खासदारांनी एकमतानं चिलुबांचं संरक्षण काढून घेतलं. चिलुबांनीच त्यांना वारस म्हणून पुढे आणलं होतं, आणि त्याला जेमतेम वर्ष होत होतं.

शिष्य गुरूवर उलटला, अशी ही गोष्ट सहसा सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. म्वानावासांची आधीची पंचवीस-सव्वीस वर्षं पाहिली तर २००२ चा निर्णय अचानक आला असं म्हणवत नाही. सभा गाजवणारा नेता म्हणून त्यांची ओळख कधीच नव्हती. त्यांच्याकडे होती ती वकिली, आणि राजकारणातही ते तीच करत राहिले.

त्यांचा जन्म ३ सप्टेंबर १९४८ चा, तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यातल्या मुफुलिरा गावचा. १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा सगळ्या झांबियात पदवीधर होते सुमारे शंभर. विद्यापीठ १९६६ मध्ये सुरू झालं आणि म्वानावासांनी कायद्याची पदवी तिथूनच घेतली. १९७५ मध्ये सनद मिळाली आणि तीन वर्षांत त्यांनी एन्डोला शहरात स्वतःचं कार्यालय थाटलं. त्या काळी केनेथ कौंडांची राजवट होती आणि १९७२ पासून देशात एकच पक्ष कायदेशीर होता. अशा देशात वकील संघटना ही सरकारला जाहीरपणे प्रश्न विचारू शकणाऱ्या मोजक्या जागांपैकी एक असते. १९८२ मध्ये म्वानावासा या संघटनेचे उपाध्यक्ष झाले. १९८५-८६ मध्ये ते काही काळ सरकारचे सॉलिसिटर जनरल होते, मग पुन्हा खासगी वकिलीकडे वळले.

त्यांचं नाव देशभर झालं ते १९८९ च्या खटल्यामुळे. लेफ्टनंट जनरल क्रिस्टन टेम्बो आणि काही लष्करी अधिकाऱ्यांवर कौंडांचं सरकार उलथवण्याच्या कटाचा आरोप होता. गुन्हा देशद्रोहाचा, शिक्षा फाशीची. आरोपींच्या बाजूनं उभं राहणं म्हणजे थेट राष्ट्राध्यक्षांशी वैर. म्वानावासांनी वकीलपत्र घेतलं आणि बचावाची धुरा सांभाळली. पुढच्या वर्षी कौंडांनी आरोपींना माफी दिली. पण एकपक्षीय राजवटीच्या डोळ्याला डोळा भिडवणारा वकील, ही ओळख म्वानावासांना चिकटली ती कायमची.

टेम्बो हे नाव लक्षात ठेवायला हवं. म्वानावासांच्या पुढच्या सगळ्या वाटचालीत ते पुन्हा पुन्हा येतं.

जुलै १९९० मध्ये लुसाकातल्या गार्डन हाउस मोटेलमध्ये कामगार नेते, व्यापारी, प्राध्यापक आणि वकील एकत्र जमले आणि बहुपक्षीय लोकशाहीची चळवळ सुरू झाली. तिचाच पुढे एमएमडी हा पक्ष झाला. अध्यक्षपद कामगार महासंघाचे चिलुबा यांच्याकडे गेलं. ३१ ऑक्टोबर १९९१ च्या निवडणुकीत त्यांनी सुमारे ७६ टक्के मतं मिळवून कौंडांना हरवलं आणि म्वानावासा उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्याच डिसेंबरमध्ये त्यांच्या सरकारी गाडीला भीषण अपघात झाला. सोबतचे सहायक जागीच ठार झाले. म्वानावासांवर जोहान्सबर्गच्या रुग्णालयात तीन महिने उपचार चालले. त्यातून ते वाचले, पण बोलण्यात जडपणा राहिला. विरोधकांनी त्यावरून त्यांना ‘कोबी’ म्हणायला सुरुवात केली. डोक्याला मार लागल्यामुळे बुद्धी चालत नाही, असा त्याचा अर्थ. जखमी माणसाच्या दुखण्यावरून केलेली ही टवाळी पुढे दोन निवडणुकांत प्रचाराचा भाग झाली, हे आजही वाचताना चीड आणतं.

१९९४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. सरकारात माजलेला भ्रष्टाचार आणि अधिकारांचा गैरवापर हे एक कारण होतं, मंत्री मायकेल साटा यांच्याशी उडालेला खटका हे दुसरं. १९९६ मध्ये पक्षाध्यक्षपदासाठी त्यांनी चिलुबांनाच आव्हान दिलं, हरले आणि पुन्हा एन्डोलाच्या कार्यालयात जाऊन बसले.

मग चिलुबांनी याच माणसाला का बोलावलं? २००१ मध्ये चिलुबांची दुसरी मुदत संपत आली होती आणि घटनेत तिसरी मुदत नव्हती. ती मिळावी म्हणून त्यांच्या समर्थकांनी घटनादुरुस्तीचा घाट घातला. वकील संघटना, चर्च आणि महिला संघटना ‘ओएसिस फोरम’ नावानं एकत्र आल्या. लोक हिरव्या फिती लावून फिरू लागले, शुक्रवारी संध्याकाळी गाड्यांचे हॉर्न वाजवून निषेध करू लागले. पक्षातले बडे मंत्रीही विरोधात गेले. त्यांना काढून टाकण्यात आलं, पण मे महिन्यात चिलुबांनाच माघार घ्यावी लागली. आता गरज होती ती स्वच्छ चेहऱ्याच्या, पण स्वतःचा गट नसलेल्या उमेदवाराची. असा माणूस आपल्या मुठीत राहील, हा त्यामागचा हिशेब उघड होता. ऑगस्टमध्ये पक्षाच्या कार्यकारिणीनं म्वानावासांना निवडलं. उमेदवारीवर डोळा ठेवून बसलेल्या साटांनी रागावून पक्ष सोडला आणि नवा पक्ष काढला.

२७ डिसेंबर २००१ ला मतदान झालं. म्वानावासांना २९ टक्के मतं पडली, अँडरसन माझोकांना २७. दुसऱ्या फेरीची तरतूद नसल्यानं सर्वाधिक मतं घेणारा विजयी. हरलेल्यांपैकी तिघांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली: माझोका, गॉडफ्रे मियांडा आणि क्रिस्टन टेम्बो. मियांडा आणि टेम्बो हे दोघंही म्वानावासांनंतर एकामागून एक चिलुबांचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले. तिसऱ्या मुदतीला विरोध केल्याबद्दल पक्षाबाहेर गेलेले टेम्बो स्वतःचा पक्ष घेऊन लढले होते. म्हणजे ज्याच्या मानेवरचा फास सोडवण्यासाठी म्वानावासा कोर्टात झुंजले, तोच पक्षकार आता त्यांची निवड रद्द करा म्हणून कोर्टात उभा होता. निकाल लागायला फेब्रुवारी २००५ उजाडलं. निवडणुकीत दोष होते, पण निकाल फिरावा इतके नव्हते, असं न्यायालयानं म्हटलं. तोवर तीन वर्षं म्वानावासांच्या डोक्यावर टांगती तलवार होती.

कलम ४३ चा वापर झाला तो याच अस्थिर काळात. सत्तर टक्के मतदारांनी दुसऱ्यांना मत दिलेलं, पक्षयंत्रणा चिलुबांच्या हाती, निवडणूक कोर्टात. चिलुबांवर कारवाई करण्यात म्वानावासांचा राजकीय स्वार्थ नव्हता असं कोणी म्हणू नये. पक्ष ताब्यात घेण्याचा तोही एक मार्ग होता. तरी त्यांनी निवडलेली पद्धत पाहण्यासारखी आहे. रातोरात अटक नाही, पोलिसी बळ नाही. आधी संसदेसमोर आरोप, मग ठराव. चिलुबांनी ठरावालाच आव्हान दिलं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत थांबणं. फेब्रुवारी २००३ मध्ये न्यायालयानं ठराव वैध ठरवला, त्यानंतरच अटक झाली.

प्रकरणाच्या मुळाशी होतं ‘झॅमट्रॉप’ नावाचं खातं. झांबियाच्या सरकारी बँकेच्या लंडन शाखेतलं हे खातं गुप्तचर विभागासाठी म्हणून उघडलेलं. गुप्ततेच्या नावाखाली कुणी हिशेब मागायचा नाही, आणि त्यातूनच पैसा बाहेर झिरपत गेला. झांबियानं लंडनच्या उच्च न्यायालयात दिवाणी दावा लावला. मे २००७ मध्ये न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी चिलुबा आणि त्यांच्या साथीदारांना ४ कोटी ६० लाख डॉलरच्या अपहाराबद्दल जबाबदार धरलं. निकालपत्रात जिनिव्हाच्या ‘बुटीक बझील’ या दुकानाची बिलं आहेत. दहा वर्षांत चिलुबांचा सरकारी पगार मिळून लाखभर डॉलर भरत होता आणि त्या एका दुकानात सुमारे पाच लाख डॉलर गेले होते. तपासात हाती लागलेल्या मालात शंभराहून जास्त बुटांचे जोड होते. ठेंगण्या चिलुबांसाठी उंच टाचा घालून खास बनवलेले, त्यावर त्यांची आद्याक्षरं. हे कपडे घालून चिलुबा लोकांसमोर येतील तेव्हा ते आपल्याकडून चोरलेल्या पैशांचे आहेत हे लोकांना कळेल, असं न्यायमूर्तींनी लिहिलं.

म्वानावासांच्या इतर निर्णयांतही वकील दिसतो. १९९७ च्या फसलेल्या लष्करी उठावात फाशी झालेल्या ४४ सैनिकांची शिक्षा त्यांनी २००४ मध्ये कमी केली. आपण राष्ट्राध्यक्ष असेपर्यंत एकाही फाशीच्या आदेशावर सही करणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं आणि तसंच वागले. चिलुबांच्या काळात, १९९७ मध्ये, आठ जणांना फाशी दिली गेली होती. त्यानंतर झांबियात कुणालाही फाशी झाली नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती शिक्षाच दंडसंहितेतून गेली. फाशीच्या सावलीत पक्षकारांसोबत काढलेले १९८९ चे दिवस यामागे असावेत, असं मला वाटतं.

खाणींच्या बाबतीत मात्र ते उशिरा जागे झाले. खासगीकरणाच्या वेळच्या करारांनी कंपन्यांना जेमतेम ०.६ टक्के रॉयल्टीची मुभा दिली होती. आपल्याकडे ओळखीच्या असलेल्या वेदांतानं कोंकोला खाणींमधला मोठा हिस्सा घेतला तो म्वानावासांच्याच कारकिर्दीत, २००४ मध्ये. तांब्याचे भाव गगनाला भिडल्यावरही तिजोरीत फारसं काही पडत नव्हतं. रॉयल्टी तीन टक्के करणारी आणि जादा नफ्यावर कर लावणारी व्यवस्था आली ती २००८ मध्ये. त्यातला जादा नफ्यावरचा कर पुढच्या सरकारनं वर्षभरात मागे घेतला. कर्जाच्या आघाडीवर यश आधीच आलं होतं: एप्रिल २००५ मध्ये झांबिया कर्जमाफीला पात्र ठरला आणि सात अब्ज डॉलरच्या आसपासचं परदेशी कर्ज अब्जाच्याही खाली आलं. २००६ च्या निवडणुकीत म्वानावासांना ४३ टक्के मतं मिळाली.

२९ जून २००८ ला आफ्रिकन संघाच्या परिषदेसाठी इजिप्तला गेले असता त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९ ऑगस्टला पॅरिसच्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

त्यांच्यामागे खटल्याची घडी विस्कटायला वेळ लागला नाही. ऑगस्ट २००९ मध्ये लुसाकातल्या दंडाधिकाऱ्यांनी चिलुबांना निर्दोष सोडलं. तपास पथकाच्या प्रमुखांनी अपील दाखल केलं, तर त्यांनाच पदावरून हटवण्यात आलं आणि अपील मागे घेतलं गेलं. लंडनच्या निकालाची झांबियात नोंदणी करून वसुली करायची, तर तशी कायद्यात तरतूदच नाही असं सांगून उच्च न्यायालयानं २०१० मध्ये तो अर्ज फेटाळला. चिलुबा २०११ मध्ये वारले.

या काळात राष्ट्राध्यक्ष होते रुपिया बांडा, म्वानावासांनी स्वतः नेमलेले उपराष्ट्राध्यक्ष. २०११ मध्ये साटांनी त्यांना हरवलं आणि मार्च २०१३ मध्ये संसदेनं बांडांचंही संरक्षण काढून घेतलं, याच ४३ व्या कलमाखाली.